महिला फुटबॉलमधील गोलरक्षक

फुटबॉल संघातील अकरा खेळाडूंपैकी स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू हाताने हाताळण्याची मुभा असलेला एकमेव खेळाडू म्हणजे गोलरक्षक होय. महिला फुटबॉलमध्ये हे स्थान सांभाळणाऱ्या खेळाडूची कारकीर्द इतर स्थानांवरील खेळाडूंच्या कारकीर्दीहून बऱ्याच बाबतींत वेगळी असते. संघाच्या आघाडीला दोघीतिघींना आणि मध्यफळीत चौघीपाचजणींना वाव असतो. गोलरक्षकाची जागा मात्र एकच असते व सामना चालू असताना ती सहसा बदलली जात नाही. साहजिकच पहिल्या पसंतीची गोलरक्षक तंदुरुस्त असेतोवर दुसरीला वर्षानुवर्षे राखीव म्हणून बसावे लागते. दुसरीकडे या स्थानाचे कौशल्य मुख्यत्वे प्रत्यक्ष सामन्यांतूनच पक्के होते. चेंडूच्या मार्गाचा अंदाज, पुढे धावून जावे की रेषेवर थांबावे याचा निर्णय, बचावफळीला द्यावयाच्या सूचना या गोष्टी केवळ सरावाने अंगवळणी पडत नाहीत. सामने पुष्कळ हवेत आणि जागा तर एकच, असा हा पेच आहे. ज्या देशांत महिलांचे सामनेच थोडे होत, तेथे तो अधिक बिकट झाला. भारत हे त्याचे ठळक उदाहरण होय.

गोलाच्या दोन खांबांमधील अंतर ७·३२ मी. व आडव्या दांड्याची उंची २·४४ मी. असते, म्हणजे सु. १७·८६ चौ. मी. क्षेत्राचे रक्षण एकटीला करावे लागते. ही मापे स्त्री-पुरुष दोघांच्या खेळाला सारखीच लागू आहेत. व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांसाठी जाळ्याची उंची २·४३ मी. व महिलांसाठी २·२४ मी. ठेवलेली आहे, अडथळ्यांच्या शर्यतीतही अडथळ्यांची उंची वेगवेगळी असते. फुटबॉलमध्ये मात्र असा भेद केलेला नाही. महिलांसाठी गोल लहान असावा, अशी सूचना काही प्रशिक्षकांनी वेळोवेळी केली. तथापि मैदानोमैदानी वेगळे खांब उभारणे व्यवहार्य नाही, या कारणाने आणि महिलांचा खेळ त्यामुळे दुय्यम ठरेल, या भीतीने ती मागे पडली. सरासरी उंची कमी असल्याने उंचावरून, आडव्या दांड्याखालून येणारा चेंडू महिला गोलरक्षकांना अधिक जड जातो, हे खरे आहे. परंतु महिला फुटबॉलमध्ये पूर्वी दिसणाऱ्या गोलरक्षणातील चुकांचे सगळे खापर उंचीवर फोडणे योग्य नाही. गोलरक्षणाचा स्वतंत्र प्रशिक्षक अनेक महिला संघांना बराच काळ लाभत नसे, हे त्याहून मोठे कारण होते.

पेनल्टी किकचे अंतर ११ मी. असते. ताशी ९० किमी. वेगाने मारलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात कापतो. एवढ्या अवधीत चेंडू पाहून झेप घेणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे गोलरक्षक मारणाऱ्या खेळाडूच्या धावेवरून, कमरेच्या वळणावरून व टेकलेल्या पायाच्या दिशेवरून आधीच अंदाज बांधते. खेळ चालू असताना मात्र तिचे पहिले शस्त्र झेप नसून जागा हे असते. चेंडू घेऊन एकटी चालून येणारी प्रतिस्पर्धी दिसताच ती रेषा सोडून पुढे येते. त्यामुळे मारणारीला गोलाचा मोकळा भाग कमी दिसू लागतो. हे पुढे येणे क्षणभर उशिरा झाले, तर चेंडू डोक्यावरून जातो. क्षणभर लवकर झाले, तर बगलेतून जातो. उत्तम गोलरक्षकाला झेप क्वचितच घ्यावी लागते, असे जाणकार म्हणतात ते याच अर्थाने. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू हातात घेण्यास मनाई झाली आणि गोलरक्षकाला पायानेही तितकेच सफाईने खेळणे भाग पडले. २०१९ पासून पेनल्टी मारली जाताना तिचा किमान एक पाय गोलरेषेवर किंवा रेषेच्या समपातळीत असणे आवश्यक ठरले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या महिला विश्वचषकात हा नियम चित्रफितीच्या साहाय्याने काटेकोरपणे लावण्यात आला. स्कॉटलंडची ली अलेक्झांडर हिने अर्जेंटिनाची पेनल्टी अडविली होती, पण पाय रेषेपुढे आल्याचे दिसल्याने ती पुन्हा मारावयास दिली गेली. सामना ३–३ असा बरोबरीत सुटला व स्कॉटलंडचा संघ स्पर्धेबाहेर गेला. २०२५ पासून चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरल्यास प्रतिपक्षास कॉर्नर किक मिळते.

महिला गोलरक्षकांची परंपरा उशिरा घडली याला मोठे कारण म्हणजे बंदी. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांच्या सामन्यांना देण्यास मनाई केली; ही बंदी सु. पन्नास वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीतही १९५५ ते १९७० या काळात अशीच बंदी होती. महिलांचा पहिला अधिकृत विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये झाला. म्हणजे पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकानंतर एकसष्ट वर्षांनी.

अमेरिकेची ब्रायाना स्करी हिच्यामुळे या स्थानाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे ९०,१८५ प्रेक्षकांसमोर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना गोलशून्य राहिला आणि निकाल पेनल्टींवर गेला. चीनच्या ल्यू यिंगची तिसरी पेनल्टी स्करीने डावीकडे झेप घेऊन अडविली व अमेरिका ५–४ अशी विजयी झाली. किक मारली जाण्यापूर्वीच ती रेषेपुढे सरकली होती, ही गोष्ट नंतर पुष्कळ चर्चिली गेली. पंचांनी त्या वेळी ती ग्राह्य धरली नव्हती. स्करीच्या कारकीर्दीचा शेवट मात्र या व्यवसायातील धोका दाखवितो. एप्रिल २०१० मध्ये क्लबच्या सामन्यात खाली वाकून चेंडू घेताना प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा तिच्या कानशिलावर आदळला. मेंदूला बसलेल्या या धक्क्याने तिचा खेळ कायमचा थांबला. सततची डोकेदुखी व नैराश्य यांच्या जोडीला पैशांची चणचण आली व तिला ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके (१९९६ व २००४) गहाण ठेवावी लागली. २०१३ मधील शस्त्रक्रियेनंतर ती सावरली व पदकेही परत मिळाली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल कीर्तिदालनात तिची निवड झाली.

प्रतीक्षेचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीच्या नादीने आंगेरर हिचे आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण केल्यावर सु. दहा वर्षे ती सिल्के रोटेनबेर्ग या पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाची राखीव होती. २००७ मध्ये रोटेनबेर्ग जायबंदी झाली आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात आंगेररने सहा सामने, ५४० मिनिटे, एकही गोल होऊ दिला नाही; अंतिम सामन्यात तिने ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टीही अडविली. २०१३ च्या यूरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात नॉर्वेच्या दोन पेनल्टी अडविल्यावर त्या वर्षाची जगातील सर्वोत्कृष्ट महिला फुटबॉलपटू म्हणून फिफाने तिची निवड केली. हा सन्मान मिळविणारी ती पहिली गोलरक्षक. पुरुषांच्या विभागातही तोवर कोणा गोलरक्षकाला तो मिळालेला नव्हता. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असा बहर येणे या स्थानावर अपवादात्मक मानले जात नाही. धावण्याचा वेग ओसरला तरी अनुभवाने त्याची भरपाई होते, हे त्याचे कारण.

इंग्लंडची मेरी अर्प्स हिने २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनची पेनल्टी अडविली आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा पुरस्कार मिळविला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या इतर खेळाडूंच्या पोशाखाच्या प्रतिकृती बाजारात होत्या, गोलरक्षकाच्या सदऱ्याची मात्र नव्हती. अर्प्सने याविरुद्ध जाहीर तक्रार केल्यावर लाखाहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या व तो सदरा विक्रीस आला. गोष्ट सदऱ्याची, पण या स्थानाला बाजार किती कमी लेखत आला ते तिने उघड केले. दोनच वर्षांत, २०२५ मध्ये, अर्प्सची जागा हॅना हॅम्पटनने घेतली व यूरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत स्पेनच्या दोन पेनल्टी अडवून इंग्लंडला अजिंक्यपद राखून दिले. स्पर्धेपूर्वीच अर्प्सने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती पतकरली होती.

भारतात महिला फुटबॉलची संघटित सुरुवात १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघाच्या स्थापनेने झाली. कोझिकोडे येथे १९८० च्या आरंभी झालेल्या आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत भारताने उपविजेतेपद मिळविले. पुढे हा महासंघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघात विलीन झाला. राष्ट्रीय संघाचे सामने मात्र इतके विरळ होत गेले, की २००९ मध्ये दीर्घ काळ सामना न खेळल्याच्या कारणावरून फिफाने आपल्या क्रमवारीतून भारताचे नाव वगळले. देशांतर्गत खेळाची स्थितीही वेगळी नव्हती. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा व क्वचित एखादी राज्य पातळीवरील लीग यांपलीकडे खेळावयास काही नसे. रेल्वे, पोलीस इ. खात्यांत नोकरी मिळणे हीच कारकीर्द समजली जाई.

अशा काळात घडलेली अदिती चौहान ही भारताची सर्वांत परिचित महिला गोलरक्षक होय. तिचा जन्म २० नोव्हेंबर १९९२ रोजी चेन्नई येथे झाला. बालपणीच तिचे कुटुंब दिल्लीस स्थायिक झाले. शाळेत ती कराटे व बास्केटबॉल खेळे. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाच्या सूचनेवरून तिने गोलरक्षकाच्या निवडचाचणीस हजेरी लावली आणि पंधराव्या वर्षी दिल्लीच्या एकोणीस वर्षांखालील संघात तिची निवड झाली. बास्केटबॉलमध्ये हवेतील चेंडू दोन्ही हातांनी टिपण्याची व गर्दीत उडी घेण्याची जी सवय लागते, ती गोलरक्षणास उपकारक ठरते; त्यामुळे दुसऱ्या खेळातून या स्थानावर आलेल्या खेळाडू जगभर आढळतात. दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेतील पहिली पाचही विजेतेपदे (२०१०–१९) भारताने मिळविली. या काळात अदिती राष्ट्रीय संघात स्थिरावली.

तथापि वर्षाकाठी मोजके सामने खेळून गोलरक्षक घडत नाही, हे ओळखून तिने वेगळी वाट धरली. क्रीडाव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी ती इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात गेली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाकडून खेळू लागली. भारताच्या राष्ट्रीय संघातील खेळाडू इंग्लंडच्या महिला लीगमध्ये उतरण्याचा हा पहिलाच प्रसंग. भारतीय वृत्तपत्रांनी तो मोठ्या अक्षरांत छापला. १६ ऑगस्ट रोजीच्या पहिल्या सामन्यात कॉव्हेंट्रीच्या संघाने तिच्यावर पाच गोल केले व वेस्ट हॅमचा ०–५ असा पराभव झाला. हा संघ त्या वेळी तिसऱ्या श्रेणीत होता आणि त्यातील खेळाडूंना पूर्णवेळ वेतन नव्हते; ‘इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडू’ हे वृत्तपत्री वर्णन वस्तुस्थितीला धरून नव्हते. अदितीचा खरा लाभ निराळा होता. आठवड्यामागून आठवडा सामना खेळावयास मिळणे, ही भारतात दुर्मिळ असलेली गोष्ट तिला तेथे मिळाली. २०१५ मध्ये लंडन येथे आशियाई फुटबॉल पुरस्कारांतील महिलांसाठीचा पुरस्कार तिला देण्यात आला. वेस्ट हॅमचा महिला संघ २०१८ मध्ये सर्वोच्च श्रेणीत घेतला जाऊन पूर्णवेळ व्यावसायिक झाला. त्याच सुमारास ती भारतात परतली होती.

दरम्यान भारतात इंडियन विमेन्स लीग सुरू झाली होती. २०१७ च्या पहिल्या हंगामाची अंतिम फेरी सहा संघांमध्ये एकट्या दिल्लीत अवघ्या काही दिवसांत उरकण्यात आली. महाराष्ट्राचा पुणे सिटी हा संघ तीत होता. पुढील हंगामांत कोल्हापूर सिटी हा संघही लीगमध्ये उतरला. एका ठिकाणी, थोड्या दिवसांत स्पर्धा उरकण्याच्या या पद्धतीचा सर्वाधिक तोटा गोलरक्षकांना झाला, असे म्हणता येईल. सामन्यातील चूक ध्यानात घेऊन ती सुधारण्यास मधल्या आठवड्यांची उसंत लागते, ती येथे नसे. आणि उरलेले जवळजवळ वर्षभर चूक करावयासही सामना नसे. अदिती गोकुळम केरळ या क्लबकडून खेळली. १४ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळूर येथे मणिपूरच्या क्रिप्सा संघास ३–२ असे हरवून या क्लबने लीग जिंकली. नंतरचा हंगाम कोविडच्या साथीमुळे रद्द झाला. तेव्हा तिने पुन्हा परदेशाची वाट धरली व २०२१ मध्ये आइसलँडमधील हामार या क्लबकडून ती खेळली.

तिच्या पिढीला मिळालेली सर्वांत मोठी संधी महाराष्ट्रात आली आणि महाराष्ट्रातच हुकली. २०२२ ची आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा नवी मुंबई, मुंबई व पुणे येथे भरली. यजमान म्हणून भारताला प्रवेश आपोआप मिळाला होता आणि याच स्पर्धेतून २०२३ च्या विश्वचषकाचे आशियाई संघ ठरावयाचे होते. तयारीसाठी संघाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलचा दौराही केला होता. २० जानेवारी रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात भारताचा पहिला सामना इराणशी झाला. अदिती गोलात होती. भारताने वर्चस्व राखले, पण गोल झाला नाही. सामना ०–० असा सुटला. सामन्यापूर्वीच संघातील दोन खेळाडू कोविडबाधित आढळल्या होत्या. २३ जानेवारीस चिनी तैपेईशी होणाऱ्या सामन्यापर्यंत बाधितांची संख्या इतकी वाढली, की नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान तेरा खेळाडू भारताला उभ्या करता आल्या नाहीत. संघाने माघार घेतल्याचे जाहीर झाले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. म्हणजे गोल न स्वीकारता काढलेली ती नव्वद मिनिटे स्पर्धेच्या नोंदीत धरली गेली नाहीत. ज्या संकुलात हे घडले, तेथेच ६ फेब्रुवारीस चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढीत दक्षिण कोरियास ३–२ असे हरवून अजिंक्यपद मिळविले. त्याआधी पुण्याच्या बालेवाडी येथील उपान्त्य सामन्यात झू यू या गोलरक्षकाने पेनल्टी अडवून चीनला जपानवर विजय मिळवून दिला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे झाला. भारताने अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३ व ब्राझीलकडून ०–५ असे पराभव पतकरले. तीन सामन्यांत सोळा गोल झाले, हे गोलरक्षकाचे अपयश म्हणून पाहिले जाते. वस्तुतः बचावफळी मोडून पडल्यावर गोलात कोणीही असले, तरी फरक थोडाच पडतो. अंतिम सामन्यात नवी मुंबई येथे स्पेनने कोलंबियास १–० असे हरविले आणि सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा मान स्पेनच्या सोफिया फ्वेन्तेस मिळाला. या मुलीमागे मोठ्या क्लबांच्या बाल व कुमार संघांची, वर्षभर चालणाऱ्या सामन्यांची शिस्त होती.

यानंतर भारतातील परिस्थितीत काही बदल झाले. इंडियन विमेन्स लीगच्या २०२३–२४ च्या हंगामापासून स्वगृही व परगृही अशा पद्धतीने सामने होऊ लागले. सात संघांच्या त्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला बारा सामने आले. इंग्लंडच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये बारा संघ असताना ही संख्या बावीस होती. प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वार्षिक ३·२ लाख रुपये तरी द्यावेत, असेही महासंघाने २०२३ मध्ये जाहीर केले. दहा जणींच्या या मर्यादेत राखीव गोलरक्षक येतेच असे नाही.

अदिती चौहानने १७ जुलै २०२५ रोजी निवृत्ती जाहीर केली. सतरा वर्षांच्या कारकीर्दीत ती भारताकडून ५७ सामने खेळली. खेळत असतानाच तिने दिल्ली परिसरात मुलींसाठी ‘शी किक्स’ ही फुटबॉल अकादमी सुरू केली होती. तिच्या निवृत्तीपूर्वी बारा दिवस, ५ जुलै रोजी, थायलंडमधील च्यांग माई येथे भारताने यजमान संघास २–१ असे हरविले व पात्रता फेरीच्या मार्गाने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळविला. त्या सामन्यात भारताचा गोल मणिपूरच्या एलांगबाम पंथोई चानूने राखला. पंथोई अनेक वर्षे राष्ट्रीय संघात अदितीच्या जोडीची गोलरक्षक होती आणि मधल्या काळात तीही ऑस्ट्रेलियातील एका क्लबकडून खेळून आली होती.